विचारा, सांगतो : थंडीतला रस्ता आणि भाड्याची गाडी

दिवाळी उरकली, कारखान्यांची धुराडी पेटली आणि पहाटे शाल ओढावीशी वाटू लागली, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. या वेळी बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात : स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी आणि थंडीतला प्रवास. त्यातली काही इथे घेतली आहेत.

दत्तजयंतीला अक्कलकोट करून गाणगापूरला जायचं आहे. आम्ही सातजण. गाडी आदल्या रात्री मिळेल, पहाटे साडेचारला निघू. गाडी ताब्यात घेताना नेमकं काय तपासावं?
— जुळे सोलापूर

आधी नंबरप्लेट बघा. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी 'ओळखीतली आहे, स्वस्तात देतो' म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गाणगापूर कर्नाटकात आहे, त्यामुळे गाडीला राज्याबाहेर जाण्याचा परवाना आहे का, तेही विचारा. आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस आणि परवाना यांच्या तारखा स्वतः वाचा. 'सगळं ओके आहे' या उत्तरावर समाधान मानू नका.

आता गाडी. रात्री ताब्यात घेताय, त्याचा एक फायदा करून घ्या. भिंतीपासून पाच-सहा मीटरवर गाडी उभी करून लो बीम लावा. दोन्ही दिव्यांची वरची कड एकाच उंचीवर पडली पाहिजे. एक दिवा आभाळाकडे आणि दुसरा बंपरच्या पुढ्यात पडत असेल, तर ती गाडी कुठेतरी ठोकून दुरुस्त झालेली असण्याची शक्यता बरीच आहे आणि धुक्यात ती तुम्हाला त्रास देणार. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं, ते दिवे खाली करण्यासाठी. सातजण आणि सामान भरलं की गाडीचं बूड बसतं, नाक वर होतं आणि लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. अशा वेळी ते चाक २ किंवा ३ वर ठेवा. बहुतेकांना हे चाक कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

काच हाताने नाही, टॉर्चने तपासा. टॉर्च बाहेरून तिरकी धरली की वायपरने काढलेले अर्धगोल ओरखडे चमकतात. दिवसा ते दिसत नाहीत, पण समोरून ट्रकचा दिवा आला की अख्खी काच पांढरी होते. वायपरचं रबर कडक झालं असेल तर जागच्या जागी बदलून मागा. वॉशरच्या टाकीत पाणी आहे का बघा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि पहाटेचं दव एकत्र आलं की काचेवर चिखलाचा पातळ लेप बसतो. कोरडा वायपर तो फक्त फासतो.

टायरवर डी-ओ-टी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. ३२२२ म्हणजे २०२२ सालचा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर असेल तर नक्षी कितीही खोल दिसो, दुसरी गाडी मागा. नक्षीच्या खाचेत आडवे उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली आणि टायर कायद्यानेही बाद झाला. स्टेपनी, जॅक, पाना आणि लाल त्रिकोण डिक्कीत आहेत याची खात्री स्वतः डिक्की उघडून करा. स्टेपनी अरुंद, कमी रुंदीची असेल तर त्यावर ८० च्या वर जायचं नसतं. तिच्यावर तसं लिहिलेलं असतं.

आणि तुमची साडेचारची वेळ. धुकं सर्वांत दाट असतं ते मध्यरात्री नव्हे, सूर्योदयाच्या आगेमागे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो. शहरात आणि माळावर धुकं नसेलही, पण ओढा, नदीचा पूल, कालवा आणि रात्री पाणी दिलेला उसाचा फड या ठिकाणी ते साचतं. मोकळा रस्ता म्हणून ८० ने जात असताना अचानक पांढऱ्या भिंतीत शिरल्यासारखं होतं. अक्कलकोट जेमतेम ४० किलोमीटर. तेव्हा साडेचारला निघा, दर्शन आणि नाश्ता तिथेच उरका आणि पुढचा रस्ता आठनंतर धरा. एवढं केलंत तर धुक्याचा अर्धा प्रश्न देवळातच सुटतो.

गाडीत पाचजण बसलो की दहा मिनिटांत पुढची काच धुरकट होते. फडक्याने पुसली की पुन्हा तेच. गाडी देणारा म्हणाला, थंडीत एसी लावू नका, त्यानेच होतं. खरं काय?
— होटगी रस्ता

उलटं आहे. थंडीत बाहेरच्या हवेने काच गार पडते आणि पाच माणसांच्या श्वासातली वाफ तिच्यावर आतून जमते. ही ओल काढायचं काम एसीच करतो. हवा एसीच्या गार जाळीवरून गेली की तिच्यातलं पाणी तिथेच गळतं आणि कोरडी हवा काचेवर जाते. म्हणून एसी चालू, तापमानाची कळ गरम बाजूला, ब्लोअर मोठा आणि हवेचा झोत पुढच्या काचेकडे. अंगाला गार लागत नाही, कारण तीच हवा पुढे हीटरवरून येते.

सगळा घोटाळा एका बटणात असतो : गाडीच्या चित्रात गोल फिरणारा बाण. मागच्या कुणीतरी धूळ येऊ नये म्हणून ते दाबून ठेवलेलं असतं आणि तुम्ही बसल्यावरही आतलीच ओली हवा फिरत राहते. ते बंद करा, बाहेरची हवा येऊ द्या. पुढच्या काचेचं वेगळं बटण असेल तर बऱ्याच गाड्यांत ते दाबताच ही सगळी जुळवाजुळव आपोआप होते. दीड-दोन मिनिटांत काच खालून वर साफ होत जाताना दिसेल.

काच आतून तेलकट असेल तर वाफ अधिक धरते. डॅशबोर्डला लावलेल्या चकचकीत पॉलिशचा थर काचेवर बसतो आणि भाड्याच्या गाड्या तर पॉलिश करूनच देतात. निघण्याआधी किंचित ओल्या सुती फडक्याने, मग कोरड्या वर्तमानपत्राने काच पुसा. तळहाताने पुसू नका, बोटांचे पट्टे दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटतात. धुरकटपणा बाहेरून असेल तर ते दव आहे. त्याला एसी नको, वायपर हवा. काचेला आतून बोट लावा, बोट ओलं झालं तर वाफ, कोरडं राहिलं तर दव.

ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर रात्री दिसतच नाहीत. माळशिरस-टेंभुर्णी भागात नवख्या गाडीने जाताना वेग किती ठेवावा?
— अकलूज

आकड्यांतच बघू. लो बीमचा उपयोगी उजेड साधारण ५०-६० मीटर पडतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर ताशी १५ ने चाललाय आणि तुम्ही ८०. म्हणजे अंतर ताशी ६५ किलोमीटरने, सेकंदाला १८ मीटरने तुटतंय. ६० मीटरवर ट्रॉली दिसली तर हातात उरतात सव्वातीन सेकंद. त्यातला दीड सेकंद 'हे काय आहे' हे कळून पाय ब्रेकवर जाण्यात जातो. उरलेल्या वेळात ओळखीच्या गाडीचे ब्रेकसुद्धा कमाल करावे लागतात आणि इथे गाडी कालच हातात आलेली. ६० ने जात असाल तर तेच पावणेपाच सेकंद होतात. गळिताच्या महिन्यांत रात्री या भागात साठ ही वरची हद्द धरा. धुक्यात ४० मीटरच दिसत असेल तर चाळीस. कारण कोरड्या रस्त्यावरही साठने थांबायला विचार करण्याच्या वेळेसकट ४५ मीटर लागतात, चाळीसने २६.

दिव्याने दिसण्याआधी ट्रॅक्टर बाकी खुणांनी कळतो. रस्त्यावर पाचट आणि चिरडलेल्या कांड्या दिसू लागल्या की पुढे माल चाललाय. खिडकी दोन बोटं खाली ठेवा. ट्रॉली दिसण्याआधी ट्रॅक्टरवरचा डेक ऐकू येतो, ही त्या कर्णकर्कश गाण्यांची एकमेव सेवा म्हणायची. अर्थात ज्याला आपलं गाणं एवढं मोठ्याने ऐकू येतंय, त्याला तुमचा हॉर्न ऐकू येत नाही. मागचं त्याला दिसतही नाही, आरसे उसाने झाकलेले. म्हणून ओलांडताना हॉर्नवर विसंबू नका. डिपर द्या, त्याचं पुढचं चाक सरळ आहे ना बघा. उजवीकडे फडाची किंवा कारखान्याची वाट असेल तर ओलांडूच नका. दोन ट्रॉल्यांची लांबी ट्रकएवढी वाटत नाही, पण असते. मागची ट्रॉली खड्ड्यात डुलते आणि बाजूला लोंबणारे वाढे आरसा घेऊन जातात. दीड मीटर अंतर सोडा.

पंक्चर ट्रॉली रस्त्यातच उभी राहते आणि चाकाला लावलेले दगड ती गेल्यावर तिथेच राहतात. रात्री काळ्या डांबरावर काळा दगड. दुभाजक असलेल्या रस्त्यावर कारखान्याच्या फाट्याजवळ डाव्या कडेने उलटा येणारा ट्रॅक्टरही धरून चाला. बैलगाडी असेल तर डोळ्यांच्या उंचीवर लाल दिवा शोधू नका, खाली बघा. बैलांचे डोळे समोरून चमकतात, मागून मात्र नशिबाने एखादा रिफ्लेक्टर.

धुक्यात चारही इंडिकेटर लावून चालवावं का? सगळे लावतात.
— बार्शी

नाही. चालत्या गाडीने चारही लावले की मागच्याला ती उभी आहे की चालतेय हे कळत नाही आणि तुम्ही वळणार असाल तर ते दाखवायला दिवाच उरत नाही. लो बीम आणि फॉग लॅम्प लावा, हाय बीम नको. तो धुक्याच्या थेंबांवरून परत तुमच्याच डोळ्यात येतो. डावीकडची पांढरी कडेची रेषा धरून चला, पुढच्या ट्रकचा लाल दिवा धरून नव्हे. तो चुकला तर तुम्ही त्याच्या मागोमाग चुकता. थांबायची वेळ आली तर पंप किंवा ढाब्यापर्यंत जा. रस्ता पूर्ण सोडून गाडी उभी केल्यावर चारही इंडिकेटर लावायचे, तेव्हा ते हवेत.

पहाटे टायरच्या हवेचा दिवा लागतो, दुपारी आपोआप विझतो. सेन्सर बिघडलाय का?
— मोहोळ

बहुधा नाही. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरचा दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो. दुपारी ३१ अंशांत भरलेली हवा पहाटे १३ अंशांत ३ पीएसआयने उतरते आणि दिवा लागतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा गार टायरसाठी आहे, तेव्हा सकाळी निघाल्यावर पहिल्याच पंपावर तेवढी हवा भरा. दुपारी तापलेल्या टायरमधून 'जास्त झाली' म्हणून काढू नका. चारांपैकी एकाच टायरची हवा रोज उतरत असेल तर मात्र ते थंडीचं काम नाही, खिळा शोधा.

जानेवारीत विमानाने चंदीगडला जाऊन तिथून गाडी भाड्याने घेऊन मनालीला जाणार. आम्ही आयुष्यात बर्फात गाडी चालवलेली नाही. छोटी पेट्रोल गाडी चालेल का?
— विजापूर रस्ता

मनालीपर्यंत, हवा स्वच्छ असेल तर, चालेल. प्रश्न त्यापुढचा आहे. मनाली सुमारे २,००० मीटरवर, तर सोलंगच्या पुढचा अटल बोगदा ३,००० मीटरच्या वर. बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आहे आणि ऑक्टोबर २०२० पासून खुला आहे. अलीकडे कोरडा रस्ता आणि पलीकडे लाहौलमध्ये बर्फाचा थर, असं सर्रास होतं. बर्फ पडला की प्रशासन मनालीच्या पुढे फक्त फोर-बाय-फोर (चारही चाकं ओढणाऱ्या) किंवा चाकांना चेन लावलेल्या गाड्या सोडतं. त्या दिवशी स्थानिक टॅक्सी करा. तिचं भाडं तुमच्या गाडीच्या बंपरपेक्षा स्वस्त पडतं. करारात बर्फावर गाडी नेण्याला बंदी आहे का, तेही वाचा. बऱ्याच करारांत असते. लडाखचा बेत त्यात जोडू नका. बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना तिथल्या टॅक्सी युनियन अडवतात.

गाडी ठरवताना साधा मॅन्युअल गिअर मागा. बर्फाच्या चढावर पुढे नेण्याचं नियंत्रण क्लचमध्ये असतं. एएमटी, म्हणजे क्लच नसलेली आणि गिअर आपोआप टाकणारी गाडी नेमक्या नको त्या क्षणी गिअर बदलते आणि चाक फिरतं. एएमटीच मिळाली तर मॅन्युअल मोडमध्ये ठेवा. पेट्रोल डिझेलपेक्षा बरं, कारण साध्या डिझेलमध्ये कडाक्याच्या थंडीत मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असेल तर तो खरा बर्फाचा टायर. आपल्याकडच्या भाड्याच्या गाड्यांना तो क्वचितच असतो. निदान नक्षी ४ मिलिमीटर तरी असू द्या.

बर्फापेक्षा घातक आहे तो न दिसणारा. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून डांबरावर काचेसारखा थर धरतं. रस्ता नुसता ओला वाटतो. तो असतो डोंगराच्या सावलीतल्या वळणावर, पुलावर, झाडांखाली, सकाळी दहापर्यंत. दोन खुणा लक्षात ठेवा : टायरचा आवाज एकदम थांबतो आणि स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं होतं. त्या क्षणी काही करू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय अलगद उचला, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक नाही. कोरड्या डांबरावर ताशी ४० ने ब्रेक दाबला तर गाडी ९-१० मीटरात थांबते. या काचेवर तोच आकडा ६० मीटरच्या पुढे जातो. २० ने सुद्धा १५ मीटर लागतात.

नाक वळत नसेल, गाडी सरळच घसरत असेल, तर स्टिअरिंग आणखी पिळू नका. थोडं सोडा, चाकांना पकड मिळू द्या. शेपूट घसरली तर नजर जायचं त्या दिशेला ठेवा आणि स्टिअरिंग तिकडेच हळू वळवा. थांबावंच लागलं तर एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेल्या गाडीत ब्रेक दाबून धरा. पायाखाली तो थडथडतो, घाबरून सोडू नका, ते त्याचं काम चाललंय. सुरुवात दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अगदी हळू सोडत. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, उतार सुरू होण्याआधीच गिअर टाकून. पुढच्या गाडीने ओलांडलेल्या खांबापर्यंत पोहोचायला तुम्हाला दहा सेकंद लागतील एवढं अंतर ठेवा.

चेन भाड्याने मिळतात, पण टायरचं माप बघून घ्या. टायरच्या बाजूला १८५/६५ आर १५ असं काहीतरी छापलेलं असतं. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढची चाकं ओढतात, म्हणून चेन पुढच्या दोन चाकांना. मागच्यांना लावून फिरणारे दरवर्षी दिसतात. सपाट जागा बघून हँडब्रेक लावा, चेन चाकावरून ओढा, आधी आतली कडी, मग बाहेरची, मग ताण. ५०-१०० मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणा, कारण ती सैल होतेच. वेग ३०-४० च्या आत. रस्ता मोकळा लागला की काढा, नाहीतर चेन तुटून फेंडर फाडते. हे सगळं पहिल्यांदा हॉटेलच्या आवारात करून बघा. बोटं गारठलेली असताना, रांगेत मागे वीस गाड्या हॉर्न देत असताना शिकायची ही गोष्ट नाही.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसू शकतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगडाची ओट लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. सकाळी काचेवरच्या बर्फावर गरम पाणी ओतलंत तर काच तडकेल आणि तिचं बिल तुमच्या नावाने फाटेल. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. तिथे कडक थंडीत एसीचा कॉम्प्रेसर चालतही नाही, काच साफ करायची ती हीटर आणि बाहेरच्या हवेने. बर्फात अडकून इंजिन चालू ठेवून बसावं लागलं तर आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ बाजूला करा. तो तुंबला की कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो. त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. ही एक गोष्ट विसरायची नाही.

गाडी पहाटे घेतली, परत करताना दारावर ओरखडे आणि खाली मार लागल्याचं सांगून अनामत कापली. ओरखडे आधीचेच असावेत असं वाटतं, पण आमच्याकडे व्हिडिओ असून उपयोग झाला नाही.
— मंगळवेढा

व्हिडिओ दवाने भिजलेल्या गाडीचा असेल. ओल्या पत्र्यावर बारीक ओरखडे दिसत नाहीत, आणि पहाटेच्या ताब्यात हाच डाव साधतो, कुणी मुद्दाम साधो वा नकळत. पुढच्या वेळी आधी फडक्याने गाडी कोरडी करा, मग टॉर्च तिरकी धरून चारही बाजू, चारही रिम, काचा आणि छत सलग एका व्हिडिओत घ्या. किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटाही त्यातच. फोन जमिनीवर ठेवून पुढच्या बंपरखालून एक फोटो काढा. इंजिनखालचं आवरण आणि ऑइलचं सम्प (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) त्यात येतं. ते सगळं देणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लगेच पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहते.

खालच्या माराबद्दल एक वेगळी सूचना. सम्पला दगड लागून ऑइल गळू लागलं तर गाडी तिथेच बंद करा. तशीच दहा किलोमीटर चालवून इंजिन जाम झालं, तर ते नुकसान साध्या विम्यात बसत नाही आणि करार तुमच्याकडे बोट दाखवतो. करारात नाव नसलेल्या माणसाच्या हातातही स्टिअरिंग देऊ नका, मग तो घरातला सर्वांत चांगला ड्रायव्हर का असेना.

सीएनजी गाडी घेतली तर पहाटे सुरू व्हायला त्रास होतो का?
— सांगोला

बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि इंजिन थोडं तापल्यावर सीएनजीवर जातात. त्रास होतो तो पेट्रोलच्या टाकीत चमचाभर पेट्रोल उरलेलं असतं म्हणून. घेताना पेट्रोलचा काटा बघा, निदान पाच लिटर ठेवा. डिक्कीत टाकी असल्याने स्टेपनी कुठे बसवली आहे आणि ती काढायला आधी सामान उतरवावं लागतं का, हे अंधार पडण्याआधी एकदा करून बघा.